मापाच्या नऊ पँटी

मास्तरांनी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली, तेव्हाच घरातल्या कोणीतरी ओळखायला हवं होतं. मास्तर म्हणजे शिंपी, गणवेश शिवणारे. तीस वर्षांत या माणसानं स्वतःसाठी अर्ध्या बाहीचाच शर्ट शिवला. लांब बाही कामात लुडबुडते, असं त्यांचं ठाम मत. तोच माणूस एकाएकी मनगटापर्यंत बटणं लावून आणि कॉलर गळ्याशी घट्ट करून मशीनवर बसायला लागला. पंख्याखालीही घामाच्या धारा, पण एक बटण सैल करतील तर शपथ. बायकोनं एकदा टोकलं, तर म्हणाले, "वय झालं आता. माणसानं अंगभर कपडे घालावेत." आता यावर ती बिचारी काय बोलणार?

खरी भानगड बाहीच्या आत होती. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं हात दुमडतो तिथं, सहा महिन्यांपूर्वी कोटाच्या बटणाएवढं एक लाल वर्तुळ उठलं होतं. कडेला बारीक पुरळ, मध्ये जरा स्वच्छ, आणि खाज अशी की हातातली कात्री खाली ठेवून आधी तिची समजूत काढावी लागे. मास्तर गेले कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे. त्यानं मान वर न करता काउंटरवरून एक ट्यूब सरकवली. "सगळ्यावर चालते ही," म्हणाला.

चालली की. चार दिवसांत खाज गेली, लाली गेली. मास्तर खूश, ट्यूब कपाटात. पंधराव्या दिवशी वर्तुळ परत हजर, आणि येताना दोन भावंडं घेऊन आलं. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा पाहुणे. असं करत करत डाग कोपरापासून खांद्यावर गेले, तिथून मानेच्या डाव्या बाजूला. त्यांचा आता धड आकारही राहिला नव्हता, नुसता कुठूनही कुठं पसरलेला लालसर पट्टा. ट्यूब मात्र भराभर संपायची. आपण फारच जास्त फासतोय, असं मास्तरांना वाटायचं आणि ते हात आखडता घ्यायचे.

डॉक्टरकडे का गेले नाहीत, म्हणाल. भीतीनं गेले नाहीत, दुसरं काय? ट्यूबनंही हटत नाही म्हणजे हा काहीतरी मोठा रोग आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आणि अंगावर डाग असलेल्या शिंप्याच्या हातचा कपडा कोण घालेल? त्यापेक्षा अळीमिळी गुपचिळी बरी. हेही एक वेळ चाललं असतं, पण नेमकी याच वेळी लेक महिन्याभराची मुलगी घेऊन दोन महिने राहायला आली.

या बाप-लेकीचं एक जुनं प्रकरण होतं. चार वर्षांपूर्वी लेकीनं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी लग्न करायचं ठरवलं, आणि ठरवल्यावर घरी सांगितलं. मास्तरांचं डोकं फिरलं ते त्या 'ठरवल्यावर'मुळे. मुलात तसं काही वाईट नव्हतं. पण रागाच्या भरात माणूस काय बोलेल याचा नेम नाही. ते म्हणाले, "जा. पण तुझ्या पोराबाळांना मी जवळ घेईन, ही आशा सोडून दे."

मग दोन वर्षं अबोला. मग आईच्या मध्यस्थीनं फोन, मग येणं-जाणं, मग सगळं सुरळीत. जावयाची पँट मास्तरांनी स्वतः शिवून दिली. फक्त ते एक वाक्य कोणी परत काढलं नाही. बापाला वाटलं लेक विसरली, आणि लेकीला वाटलं बाप विसरला असेल.

आता नात घरात होती आणि मास्तर तिला हात लावत नव्हते. लांबून मात्र डोळे भरून बघायचे. टेप न लावता नुसत्या नजरेनं त्यांनी तिचं माप घेतलं आणि सात झबली शिवली, दोनदा उकळत्या पाण्यात धुऊन, इस्त्री करून, तीही बायकोच्या हातून दिली. नात रडली की हे खुर्चीतून उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि परत बसायचे. लेकीनं पुढे केली की कारणं तयार. आज सर्दी आहे. हात तेलकट आहेत. शर्टाला टाचणी असेल, लागेल तिला.

गुरुवारी संध्याकाळी बायको बाजारात गेली होती. लेकीला बाटल्या उकळायच्या होत्या. ती सरळ समोर येऊन म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं धरा हिला." मास्तर मागे सरकले. ती पुढे आली, तर आणखी मागे सरकले आणि मशीनवर आदळले. मुलगी दोघांच्या मध्ये हवेत पाय झाडत होती.

लेकीनं तिला परत छातीशी घेतलं. "राहू दे," ती म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "तुम्ही शब्दाचे पक्के आहात. मीच विसरले होते."

ती आत गेली. आतल्या खोलीत लेक नवऱ्याशी फोनवर बोलत होती ते त्यांना ऐकू आलं. "रविवारी येऊन घेऊन जा आम्हाला. नाही, काही झालेलं नाही. नुसतं ये." ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी. ही आता गेली तर परत यायची नाही, हे मास्तरांना कळायला कोणा ज्योतिषाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी ते त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते, तेही वर्तमानपत्र तोंडापुढे धरून. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

"शर्ट काढा."

"सगळा?"

"मग काय एक बाही काढणार आहात?"

मास्तरांनी शर्ट काढला. सहा महिन्यांत बायकोसमोरही न काढलेला शर्ट. बाईंनी दिवा जवळ ओढून मान पाहिली, खांदा पाहिला, कोपर पाहिलं. डागांवरून कापूस फिरवून, कळतंय का, म्हणून विचारलं. मास्तरांना सगळीकडे नीट कळत होतं. मग त्या म्हणाल्या, "लावत काय होता?" मास्तरांनी खिशातून ट्यूब काढून दिली. बाईंनी तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली आणि ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"बाई, अर्धी भरलेली होती."

"तीच तर अडचण आहे. हिच्यात स्टिरॉइड आहे. ते खाज दाबतं, लाली दाबतं. तुम्हाला वाटतं बरं झालं. पण त्या जागी तुमच्या अंगाची लढायची ताकदही त्यानं दाबलेली असते, मग बुरशी आत मजेत पसरते."

"बुरशी? पावावर येते ती?"

"तिचीच भावकी. याला नायटा म्हणतात, कोणी गजकर्ण म्हणतं. सहा महिने तुम्ही तिला खाऊपिऊ घालत होतात."

मास्तरांनी रात्रंदिवस मनात घोळत असलेला प्रश्न शेवटी विचारला. "म्हणजे मोठा रोग नाही ना?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही. आणि ज्याला तुम्ही मोठा रोग म्हणताय ना, तो कुष्ठरोग असता तरी औषधानं बरा झाला असता. लपवून मात्र कुठलाच बरा होत नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उघड्या अंगानं, स्टुलावर बसून, त्यांना रडूच यायला लागलं, आणि परक्या बाईसमोर रडायचं नाही म्हणून ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

तरी खात्री केलेली बरी, म्हणून बाईंनी एका डागाच्या कडेची त्वचा बोथट पात्यानं हलकेच खरवडली, काचेवर घेतली, वर औषधाचा थेंब टाकला. वीस मिनिटांनी त्यांनी मास्तरांनाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आधी काही दिसेना. मग दिसलं, आणि मास्तर शिंपी असल्यामुळे जरा लवकरच दिसलं.

"हे तर धागे आहेत," ते म्हणाले. "फांद्या फुटलेले."

"शिवणकाम करता?"

"गणवेश शिवतो. बसवाले, पहारेकरी, इस्पितळातले कामगार."

बाई एकदम सरसावून बसल्या. "सगळं डावीकडेच आहे तुमचं. कोपराची आतली बाजू, खांदा, मान. या हातावर काय घेता रोज?"

मास्तर विचारात पडले. काय घेतो? काहीच नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मापाच्या पँटी.

ही पद्धत त्यांची स्वतःची, आणि तिचा त्यांना केवढा अभिमान. चारशे माणसांची मापं टेपनं कोण घेत बसणार? म्हणून अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंत, एक नंबर सोडून एक, अशा नऊ पँटी त्यांनी शिवून ठेवल्या होत्या. आगारात जायचं, एकेकाला त्याच्या अंगाची पँट घालायला द्यायची, कुठं सैल, कुठं तंग ते बघायचं, वहीत लिहायचं, पुढचा. एकेक पँट दिवसात चाळीस माणसांच्या अंगावर चढायची आणि उतरायची. आणि उतरली की ती मास्तरांच्या डाव्या हातावर नाहीतर खांद्यावर, गळ्याला लागून.

"या पँटी धुता कधी?" बाईंनी विचारलं.

आता मास्तरांमधला कारागीर ताठ झाला. "मापाची पँट धुवायची नसते, बाई. धुतली की कापड आटतं. छत्तीसची पस्तीस झाली, तर माझे चारशे गणवेश बिघडतील."

"किती वर्षं धुतल्या नाहीत?"

"अकरा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जांघेतला नायटा असलेला एक माणूस पँट घालतो, घामानं भिजवतो, काढून तुम्हाला देतो. ही बुरशी कपड्यात महिनोन्महिने दबा धरून बसते. पुढच्या एकोणचाळीस जणांना ती तुम्ही फुकट वाटता. आणि उरलेली स्वतःच्या खांद्यावर घरी नेता."

मास्तरांना आठवलं. आगारातले किती लोक माप देताना खाजवत उभे असायचे, आणि हे म्हणायचे, "कमरेत जरा सैल करून देतो, बरं वाटेल." त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी शर्ट अंगावर ओढून घेतला. बाई म्हणाल्या, "राहू द्या, हवा लागू द्या जरा. घरात कोण कोण आहे?"

"बायको. आणि लेक आलीये, दोन महिन्यांची नात घेऊन. पण मी तिला हात लावलेला नाही. एकदाही नाही."

"ते चांगलं केलंत. का लावत नाही ते घरी सांगितलंत?"

"नाही."

"मग ते वाईट केलंत," बाई म्हणाल्या आणि औषध लिहायला लागल्या. गोळ्या, आणि लावायला साधं बुरशीचं मलम. डागावर तर लावायचंच, डागाच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरही लावायचं. अंग पुसायचा टॉवेल ज्याचा त्याचा. कपडे गरम पाण्यात, वेगळे, उलटे करून कडक उन्हात. आंघोळ झाली की कोपऱ्याकोपऱ्यातून कोरडं व्हायचं, मगच कपडे. "आणि डाग गेला म्हणून औषध सोडलंत तर इथं येऊ नका. दिसायचं बंद झालं म्हणजे संपलं नाही. मी सांगेन तेव्हाच थांबायचं."

"आणि नात?" मास्तरांनी विचारलं. "तिला कधी घेऊ? रविवारी जाणार आहेत त्या."

"बाळाचं डोकं जिथं ठेवायचं तिथंच नेमका डाग आहे तुमचा. दोन आठवडे औषध घ्या, मला दाखवा, मग सांगते. बुरशीला रविवार कळत नाही. घरच्यांना मात्र उद्याच घेऊन या, सगळ्यांना."

सगळ्यांना आणायचं म्हणजे सगळ्यांना सांगणं आलं. दवाखाना ते घर वीस मिनिटांचा रस्ता मास्तरांनी तासाभरात कापला.

लेक पलंगावर बॅग भरत होती. सातही झबली बॅगेबाहेर, बाजूला ठेवलेली. ती न्यायची नव्हती तिला. मास्तर दारात उभे राहिले. बोलायचं ठरवून आले होते, पण दाखवणं सोपं होतं. म्हणून त्यांनी बाहीचं बटण काढलं आणि बाही खांद्यापर्यंत वर गुंडाळली.

लेकीनं पाहिलं. "हे काय झालंय, बाबा?"

"नायटा. सहा महिने झाले. लागट आहे. हिच्या अंगाला लागला असता."

तिनं हातातले कपडे बॅगेवर टाकले. "म्हणून तुम्ही हिला घेत नव्हता?"

"म्हणून."

"आणि सांगितलं का नाही?"

"लाज वाटली. मला वाटलं, भलताच रोग आहे. तुम्ही सगळे उठून जाल." मास्तर खाली बघून बोलत होते. "पण तू काल जे म्हणालीस, ते खोटं नव्हतं. मी तसं बोललो होतो. आणि नंतर येणं-जाणं सुरू केलं, पण ते शब्द मागे घेतले नाहीत. वाटलं, आता ते कशाला उकरायचं. ते मी चुकीचं बोललो होतो. फार वाईट बोललो होतो. तेव्हाच, तू घरातून बाहेर पडताना, मला कळलं होतं."

लेक रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली, आणि मग तिला कोणतं आवरावं हेच कळेना. "चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी ते वाक्य घेऊन फिरतेय, बाबा. दिवस गेले तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं मला."

मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले आणि मध्येच थबकले. तिनंच त्यांचा उजवा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "हा चांगला आहे ना?"

"हा चांगला आहे."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोचा आवाज आला. ती केव्हाची तिथं उभी होती कोण जाणे. "अहो," ती म्हणाली, "लागट आहे म्हणालात का?"

"हो."

"मग मलाही आहे. कमरेला. तीन महिने झाले."

मास्तर वळले. "आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठं बोललात? कपाटात ट्यूब सापडली, ती लावत होते. मला काय ठाऊक, ती तुम्हालाच लागते?"

मग ट्यूब भराभर का संपत होती, याचा उलगडा झाला. लेक पलंगावर कोसळली. पोट धरून हसत सुटली, आणि तिचं बघून मास्तरांची बायको पदरात तोंड घालून हसायला लागली. गोंधळानं जागी झालेल्या नातीनं टाहो फोडला आणि चौघांच्या घरात मास्तर एकटेच गंभीर उरले, तेही फार वेळ टिकले नाहीत.

शनिवारी अख्खं घर दवाखान्यात. लेक आणि नात अगदी स्वच्छ निघाल्या. बायकोची कंबर बाईंनी पाहिली आणि मास्तरांकडे असं बघितलं की त्यांनी परत कॅलेंडर वाचायला घेतलं. रविवारी जावई न्यायला आला, त्याला चहा पाजून एकट्यालाच परत पाठवला. लेक ठरलेले तीन आठवडे पूर्ण राहिली. कामावर रुजू व्हायचं होतं म्हणून गेली, नाहीतर राहिलीच असती. सात झबली बॅगेत सगळ्यात वर ठेवून गेली.

दुकानात मास्तरांनी त्या नऊ पँटी मोठ्या पातेल्यात उकळल्या. आटल्याच. छत्तीसची खरंच पस्तीस झाली, आणि मास्तर ते सगळ्यांना सांगत सुटले, कारण निदान एवढं तरी त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी कापड कापण्याआधीच तीनदा गरम पाण्यातून काढलं, जेवढं आटायचं तेवढं आटू दिलं आणि त्यातून नवे संच शिवले, एकेका मापाचे ढीगभर. आता प्रत्येकाला कोरडी, धुतलेली पँट, आणि उतरलेली सरळ पिशवीत, उकळायला. पुढच्या वेळी आगारात उभं राहून त्यांनी मोठ्यानं सांगितलं की मला नायटा झाला होता, या पँटींमुळे तुमच्यातल्या कोणाकोणाला झाला असेल, त्याची माफी मागतो, आणि ट्यूब विकत घेऊन फासत बसू नका. लोक खदाखदा हसले. संध्याकाळपर्यंत एकेक जण हळूच बाजूला घेऊन डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारून गेला. एकूण सतरा जण.

दोन आठवड्यांनी बाईंनी पाहिलं तेव्हा कडा विझत आल्या होत्या, पण त्या म्हणाल्या, अजून नाही. मास्तर निमूटपणे परत आले. सकाळ-संध्याकाळ मलम, दोन बोटं बाहेरपर्यंत. आणखी दोन आठवड्यांनी बाईंनी दिवा जवळ ओढला, बराच वेळ बघितलं, परत खरवडून काचेवर तपासलं. धागा नाही. "मलम मी सांगते तोवर चालूच ठेवायचं," त्या म्हणाल्या, आणि मग, मास्तर उठतच नाहीत हे बघून, "जा आता. घ्या तिला."

मास्तर घरी गेलेच नाहीत. परस्पर बस पकडून लेकीच्या घरी निघाले. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि त्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद. मास्तर चार मजले चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून, दार उघडल्यावर काय बोलायचं ते त्यांनी मनात म्हणून बघितलं.

दार उघडलं तेव्हा लेकीच्या एका खांद्यावर पोर होती आणि दुसऱ्या कानाला फोन. "आलात? बरं झालं, धरा हिला," ती म्हणाली, पोर त्यांच्या हातात दिली आणि बोलत बोलत आत निघून गेली. मास्तरांच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. नातीचं डोकं डाव्या कोपराच्या खोबणीत येऊन टेकलं. ती जड होती. नजरेनं घेतलेल्या मापात वजन धरायचं राहूनच गेलं होतं. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, जांभई दिली आणि त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरून ठेवलं.

फोन संपवून लेक बाहेर आली तरी ते दारातच उभे होते.

"बाबा, रडताय?"

"घाम आहे. चार मजले चढलोय."

"बरं," लेक म्हणाली. त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून ती खाली बसली आणि तिनं त्यांच्या चपलांचे पट्टे सोडले.